सेंटर सर्कलमधली शिट्टी

आधीच सांगून टाकतो, मला भूत, मुंजा, हडळ यातलं काहीही दिसलेलं नाही. दिसलं असतं तर ग्राउंडला दोन राउंड मारायला लावून घरी पाठवलं असतं. उभा जन्म मी फिजिकल डायरेक्टर म्हणून काढला. अमावास्येला मुलांचे कॅम्प लावले, रस्त्यातली लिंबू-मिरची तुडवून सायकल पुढे काढली. असल्या सदरांत लोक लिहितात ते वाचून मी बायकोला म्हणायचो, "यांना पित्त झालंय, दुसरं काही नाही." आता मीच लिहायला बसलोय आणि ती शेजारी बसून फिदीफिदी हसतेय. हसू द्या.

जागा नीट सांगतो, नाहीतर म्हणाल शिरसाठ सर थापा मारतात. नगरहून (बोर्डावर अहिल्यानगर झालंय, आमच्या तोंडात अजून नगरच आहे) पाथर्डी रोडने निघायचं. करंजी घाट ओलांडला की तिसगावच्या अलीकडे उजव्या हाताला सिमेंटची कमान लागते. आत आमचं विद्यापीठ. नाव सांगत नाही, माझी पेन्शन सुरू आहे. विद्यापीठ म्हटलं की आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना राहुरीचं आठवतं. ते नव्हे. ते फार मोठं. आमचं म्हणजे चार इमारती, एक कँटीन आणि एक फुटबॉल स्टेडियम.

हो, फुटबॉल स्टेडियम. ज्या तालुक्यात जत्रेला कुस्त्या, गल्लीत क्रिकेट आणि उरलेल्या वेळात कबड्डी, तिथे फुटबॉल स्टेडियम! त्याचं असं झालं, आमचे संस्थापक दादासाहेब एकदा परदेशी सहलीला गेले. तिथे कोणीतरी त्यांना स्टेडियम दाखवलं. परत आले ते "आपल्याकडं असं पाहिजे" म्हणतच विमानातून उतरले. काम दिलं पाझर तलाव बांधणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला. त्यामुळे आमच्या पायऱ्या बघितल्या की अजूनही वाटतं, पाऊस जास्त झाला तर इथून पाणी सोडतील. त्यात त्या गड्याने पायऱ्यांचं तोंड मावळतीला केलं. दुपारी चारनंतर मॅच बघायची तर प्रत्येकाला कपाळावर आडवा हात धरावा लागतो. पाहुण्या संघांना वाटतं प्रेक्षक सॅल्यूट करतायत. गोलपोस्ट नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून आले. त्या माणसाचा धंदा शेताच्या फाटकांचा. सवयीने त्याने एका खांबाला बिजागरीसुद्धा लावून दिली. ती अजून आहे, येऊन बघा.

तर अशा या स्टेडियमवर फुटबॉल सोडून सगळं व्हायचं. पोलीस भरतीची पोरं पळायची. योग दिन व्हायचा. कोणा ना कोणाचा सत्कार, बियाण्यांचं प्रदर्शन, जनावरांचं प्रदर्शन. उन्हाळा लागला की क्वार्टरमधल्या बायका पायऱ्यांवर साड्या अंथरून कुरडया वाळत घालायच्या. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पायऱ्यांना दुसरे प्रेक्षक होतेच कुठे?

माझी तक्रार मैदानाबद्दल होती. त्याचं कारण कोमल.

कोमल आव्हाड, तिसगावची. बी.एस्सी.ला आली तेव्हा कबड्डीत नाव घालायला माझ्याकडे आली होती. मी तिला बॉल लाथाडताना बघितलं आणि म्हटलं, पोरी, तू इकडे ये. तिने बरोबर दहा जणी जमवल्या. कोणी ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, कोणी शिक्षकाची, एकीचा बाप टेम्पो चालवायचा. दोन वर्षांत या अकरा पोरींनी असा काही खेळ उभा केला की मी, जो कधी कोणाचं कौतुक करत नाही, घरी येऊन बायकोपुढे ताटातल्या वांग्याच्या फोडी मांडून त्यांचे पास समजावून सांगायचो. पण सराव करायचा कुठे? आज मंडप, उद्या खड्डे, परवा शेण. "सर, आमी नेमकं खेळायचं कधी?" कोमल विचारायची. मला स्वतःचाच फार राग यायचा.

आता मूळ गोष्ट.

पहिल्यांदा झालं ते बियाण्यांच्या प्रदर्शनात. भर दुपारी, लख्ख उन्हात, पाचशे लोकांदेखत. हे मुद्दाम सांगतो. सेंटर सर्कलवर स्टेज टाकलेलं. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले आणि बसायचं नाव घेईनात. मी पायऱ्यांवर, कपाळाला हात लावून. तेवढ्यात...

फुर्रर्रर्र!

पंचाची शिट्टी. शिट्टी म्हणजे आत वाटाणा असलेली, जोरकस, दमदार फुंकलेली. मी राज्य पातळीवर पंचगिरी केलीय, मला फुंक कळते. ही कसलेल्या माणसाची फुंक होती. पाहुणे वाक्याच्या मध्ये थांबले, त्यांना वाटलं वेळ संपल्याची खूण आहे, "जय हिंद, जय महाराष्ट्र" म्हणून खाली बसले. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी घड्याळ बघितलं. भाषण सुरू होऊन पंचेचाळीस मिनिटं झाली होती. हाफ टाइम.

संध्याकाळी कुलसचिव कुलकर्णी साहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही. तीन पिढ्या कारकुनीतल्या, टेबलावर कागद वाकडा दिसला तरी त्यांना जेवण जात नाही. म्हणाले, "शिरसाठ, वयाला शोभतं का हे?"

"साहेब, मी वाजवली नाही."

"कॅम्पसमध्ये शिट्टी कोणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"मग?"

मी निघून आलो.

दुसऱ्यांदा जनावरांच्या प्रदर्शनात. खिलारी बैलांची जोडी मैदानात मिरवत होती. जोडी पेनल्टी एरियात शिरली आणि शिट्टी! बैल जागच्या जागी उभे. मालक ओढतोय, शेपटी पिरगाळतोय, बैल हलायला तयार नाहीत. आमचे ग्राउंडमन बन्सीमामा, मैदानावर चुन्याची फक्की मारण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ते माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "सर, ऑफसाइड धरलं जनू."

"मामा, बैलाला ऑफसाइड नसतो."

"मग आपन दोघं तर हितं हाय. वाजवली कुनी?"

मामांना त्या दिवसापासून खात्री पटली. त्यांचं म्हणणं, मैदानच वाजवतं. मी म्हणायचो, मामा, माती शिट्टी वाजवत नसते. ते म्हणायचे, "न्हाई कशी? कुरडयांना एकदा तरी वाजली का? बाया पायऱ्यांवर बसत्यात, आत पाऊल टाकत न्हाईत. त्याला कळतंय समदं. लई समजूतदार हाय ते."

तिसऱ्यांदा एका सत्कारात वाजली, ऐन शाल पांघरताना, आणि मग माझी चौकशी लागली. तीन जणांची समिती. अध्यक्ष खुद्द कुलकर्णी साहेब, एक फिजिक्सचे प्राध्यापक आणि एक गृहविज्ञानाच्या मॅडम. पहिलं काम म्हणजे माझी शिट्टी जप्त. पाकिटात घातली, लाख लावली, तिघांच्या सह्या झाल्या आणि पाकीट साहेबांच्या लोखंडी कपाटात गेलं. मॅडमचं मत पडलं की क्वार्टरमधल्या कुकरचा आवाज वाऱ्याने येत असेल. झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोग. क्वार्टरमध्ये तुरीची डाळ घालून पाच लिटरचा कुकर चढवला आणि समिती मैदानाच्या मधोमध टेबल-खुर्च्या टाकून ऐकायला बसली. शेजारी चहाची किटली आणि समोसे. मी समोर, विश्रामच्या पोझिशनमध्ये, हात मागे.

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. एकही ऐकू आली नाही. फिजिक्सवाल्यांनी तशी नोंद केली. मग साहेबांनी समोसा उचलला, घास घेणार, आणि कानाजवळ शिट्टी फुंकावी तशी फुर्रर्रर्र! साहेबांचा समोसा चटणीत पडला. मॅडम उठून टचलाइनपर्यंत गेल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात पुढे केले, रिकामे. तोंड उघडून दाखवलं. खिसे उलटे केले. शेवटी बूट-मोजेसुद्धा काढले, म्हटलं मोजून घ्या पायाची बोटं.

अहवालात काय लिहिलं माहितीय? "श्री. शिरसाठ यांनी सदर आवाज तोंडाने काढला असण्याची शक्यता नाकारता येत नाही." तोंडाने! माझे समोरचे दोन दात राहुरीच्या एका मॅचमध्ये कोपर लागून गेले, त्यांच्या जागचे खोटे दात डबीतच असतात. मला धड "शिरसाठ" म्हणताना हवा जाते, शिट्टी कसली मारतोय! हे मी लेखी कळवलं. डबीसकट हजर व्हायचीही तयारी दाखवली. उत्तर आलं नाही.

खरं सांगू का, मला ते फार लागलं. इतकी वर्षं एका जागी नोकरी केली, कधी खोटी हजेरी लावली नाही. आणि निवृत्तीला वर्ष राहिलं असताना हा शिट्टी मारून पळणारा माणूस ठरला. पोरंटोरं कँटीनमध्ये मला बघून ओठांचा चंबू करायची.

त्यात साहेबांनी नवीन काढलं. विद्यापीठाने ठरवलं की स्टेडियमचं कायमचं "बहुउद्देशीय लॉन्स" करायचं. लग्नकार्याला भाड्याने द्यायचं. कमानीवर बोर्ड, वधू-वरांना एसी खोल्या, गोलपोस्ट काढून तिथे स्वागत-कमान. मी बैठकीत उभा राहिलो आणि जरा आवाज चढवला. जरा म्हणजे, खिडकीतली कबुतरं उडाली. "आणि पोरींनी खेळायचं कुठे? लग्नाच्या मांडवात?" म्हटलं. शेवटी कुलगुरूंनी मध्ये पडून तोडगा काढला. फेब्रुवारीत चार संघांची निमंत्रित स्पर्धा घ्या. आपल्या मुलींनी ती जिंकली तर स्टेडियम फुटबॉललाच राहील. नाही जिंकली तर लॉन्स. बैठकीच्या कागदात तसं लिहिलं गेलं.

मी कोमलला सांगितलं. ती बॉलवर पाय ठेवून उभी होती. मग म्हणाली, "म्हंजे आता हरायचंच न्हाई, एवढंच ना सर?" आणि पळायला गेली.

पोरी खेळल्या हो! पहिली मॅच तीन गोलने जिंकल्या. रविवारी दुपारी फायनल, पुण्याच्या बाजूच्या एका संघाशी. आयुष्यात पहिल्यांदा त्या पायऱ्या मी भरलेल्या बघितल्या. तिसगावहून टेम्पो भरून माणसं आली होती. कोमलची आई, आजी, चुलते. बायकांनी कुरडया गोळा करून जागा करून दिली. सगळे कपाळावर हात धरून बसलेले. आणि ऐनवेळी निरोप आला, नगरहून येणाऱ्या पंचांची गाडी करंजी घाटात अडकलीय, पुढे ट्रक आडवा झालाय, दोन तास तरी रस्ता मोकळा होत नाही.

पाहुण्या संघाला सहाची परतीची गाडी. त्यांच्या कोच मॅडमनी मला विचारलं, "सर, तुमच्याकडे पंचाचं लायसन्स आहे ना? तुम्हीच करा."

"मॅडम, हा माझा संघ आहे."

"माहितीय. तुमच्याबद्दल ऐकलंय मी. करा."

आता इतक्या विश्वासाने कोणी म्हटल्यावर माणूस काय करणार? दोन्ही कॅप्टननी कागदावर सह्या केल्या. साहेबांनी कपाटातून पाकीट आणलं, लाख फोडली, माझ्याकडून पोच लिहून घेतली आणि शिट्टी दिली. मी दोरी गळ्यात घातली. फुंकून बघितली. तीच, माझी, जुनी.

मॅच एक-एक बरोबरीत चालली. सगळी धूळ, सगळा घाम, पोरींचं ओरडणं. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आम्हाला कॉर्नर मिळाला. बिजागरीवाल्या गोलसमोर घोळका. बॉल वरून आला, कोमल उडाली, आणि बॉल गोलात!

पायऱ्यांवर जो गलका उठला, मी तो मरेपर्यंत विसरणार नाही.

आता मी जे सांगतोय ते आजवर फक्त बायकोला सांगितलंय. बॉल कोमलच्या डोक्याला लागला नव्हता. हाताला लागला होता, इथे, मनगटाच्या वर. मी पाच पावलांवर होतो. स्वच्छ दिसलं. उन्हं माझ्या पाठीमागे होती, त्यामुळे डोळ्यांवर तिरीप आली असंही म्हणता येत नाही. शिट्टी छातीवर लोंबत होती, ती तोंडाकडे न्यायला हवी होती. मी नेली नाही. माझ्या मनात काय आलं सांगू? मनात आलं, शिरसाठ, तुला काही दिसलं नाही. पायऱ्यांवरच्यांना ऊन लागतंय, त्यांना दिसलेलं नाही. बाकी कोणाला दिसलेलं नाही. आणि माझा उजवा हात आपोआप उठायला लागला, सेंटर सर्कलकडे. गोल.

हात अर्ध्यात असताना शिट्टी वाजली.

फुर्रर्रर्र! माझ्या गळ्यातली नव्हे. माझी छातीवर होती, बटणावर आपटत होती. आवाज आला सेंटर सर्कलमधून, जिकडे मी हात दाखवायला निघालो होतो तिथून. दोन्ही संघ थांबले. पायऱ्या एकदम चिडीचूप.

आणि मग बन्सीमामा उठले. "ती सरांची न्हाई!" मामांचा आवाज मोठा, त्यांना माइक लागत नाही. "सरांच्या तोंडात शिट्टीच न्हाई! ती ग्राउंडची हाय! गोल धरा!"

झालं! सगळ्या पायऱ्या उभ्या राहिल्या. "ग्राउंडची हाय! गोल धरा!" कोमलची आजी पदर खोचून टचलाइनवर आली. फिजिक्सचे प्राध्यापक, ज्यांनी माझे मोजे उलटे करून बघितले होते, ते छातीठोक सांगायला लागले, "मी स्वतः बघितलं, शिरसाठांनी वाजवली नाही." गृहविज्ञानाच्या मॅडमनी मान डोलावली. तीन वर्षं मी घसा फोडून जे सांगत होतो ते आज अख्खं स्टेडियम माझ्या वतीने ओरडत होतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "मी वाजवली नाही." आणि ते खरं होतं! गोल धरला गेला असता, मैदान वाचलं असतं, माझ्या नावावरचा डाग पुसला गेला असता. एका खऱ्या वाक्यात तीन कामं.

मी कोमलकडे बघितलं. ती गोलच्या तोंडाशी उभी होती, डावा हात उजव्या मनगटावर धरून. खाली बघत होती.

मी म्हटलं, "शिट्टी मी वाजवली. हँडबॉल. गोल नाही."

"सर, काय बोलताय?" मामा पार टचलाइनवर येऊन म्हणाले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"मी वाजवली, मामा. बसा खाली."

पाहुण्या संघाच्या कोच मॅडमनी मान लववली. कोमल माझ्याजवळून पळत जाताना हळू आवाजात म्हणाली, "सर, शिट्टी तर तुमच्या गळ्यात होती."

"गप खेळ," मी म्हटलं.

बरोबरी सुटली नाही. पेनल्टीवर आम्ही हरलो, एका किकने. पाचवी किक बिजागरीला लागून बाहेर गेली. त्या फाटकवाल्याला मी त्या दिवशी ज्या शिव्या दिल्या त्या इथे छापता येणार नाहीत.

पोरी मैदानावर बसून रडल्या. मी आवराआवर करतोय तोच साहेब कागद घेऊन आले. चेहऱ्यावर दुःखही होतं आणि समाधानही, कागद सरळ झाल्याचं. म्हणाले, "शिरसाठ, आज सगळ्यांसमोर कबूल केलंत. लेखी द्या, म्हणजे फाइल बंद करता येईल."

नाही म्हणालो असतो तर गोलचा वाद पुन्हा उठला असता. मी लिहून दिलं. साहेबांनी त्याच्या खाली एक ओळ टाकली, "यावरून पूर्वीच्या शिट्ट्याही त्यांच्याच असल्याचे सिद्ध होते," आणि शिक्का मारला. माझी शिट्टी परत पाकिटात, परत लाख, परत कपाट. मे महिन्यात मी निवृत्त झालो. नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. निरोप समारंभ सभागृहात ठेवला होता. मी मुद्दाम विचारलं, मैदानावर का नाही? साहेब म्हणाले, "धोका कशाला घ्या."

पावसाळ्यात मैदानाचं लॉन्स झालं. गोलपोस्ट उपटून बन्सीमामांच्या शेडमागे टाकले. मी तो रस्ता टाळायचो. पोरी सरावाला ओढ्याच्या काठच्या पडीक जमिनीत जायला लागल्या. कोमल कधी तक्रार घेऊन आली नाही, त्यानेच जास्त वाईट वाटायचं.

तुळशीचं लग्न झालं आणि लॉन्सवर पहिलं लग्न आलं. मोठ्या घरचं, दोन्हीकडून तालेवार पाहुणे. साहेबांनी मला आग्रहाने बोलावलं आणि पहिल्या रांगेत, स्वतःच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. मला सगळं समजलं. मी बसल्याबरोबर दोन्ही तळहात मांडीवर उलटे ठेवले, दातांची डबी खिशातून काढून बायकोकडे दिली आणि तोंड घट्ट मिटलं. कपाटाची किल्ली साहेबांच्या कमरेला होती.

स्टेज बरोबर सेंटर सर्कलवर. अंतरपाट धरला. मंगलाष्टका सुरू झाल्या. शेवटची ओळ आली, लोकांनी अक्षतांची मूठ वर केली, भटजींनी दम घेतला, "शुभमंगल साव..."

फुर्रर्रर्र!

अक्षता हातात तशाच. वाजंत्री थांबली. अंतरपाट धरणाऱ्या नवरीच्या मामाने घाबरून अंतरपाट सोडून दिला. नवरदेव हार वर धरून पुतळ्यासारखा उभा. भटजींनी तिथूनच पुन्हा "शुभमंगल" म्हणायला तोंड उघडलं, तर दुसऱ्यांदा शिट्टी, पहिलीपेक्षा लांब. एक म्हातारे पाहुणे म्हणाले, "कोन हाय रे पंच?" नवरीकडची एक करवली इतकी हसली की तिला बाजूला न्यावं लागलं.

मी साहेबांकडे वळलो. फक्त दोन्ही तळहात त्यांच्यासमोर धरले आणि बोळकं उघडून दाखवलं. साहेबांनी आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे, मग कमरेच्या किल्लीकडे. हळूच म्हणाले, "शिरसाठ... म्हणजे ते समोशाच्या वेळीसुद्धा...?"

"नाही साहेब. तेव्हाही नाही."

लग्न शेवटी पायऱ्यांवर लागलं. खरंच. बन्सीमामांनी सुचवलं, "पायऱ्यांवर चाललं तर ते काय बोलत न्हाई." नवरा-नवरी सर्वांत वरच्या पायरीवर, वऱ्हाड मैदानाबाहेरून वर बघतंय, समोरून सकाळचं ऊन म्हणून कपाळावर आडवा हात धरून. एकही शिट्टी आली नाही. संसार छान चाललाय असं ऐकतो.

पण लॉन्सचा बोऱ्या वाजला. गोष्ट तिसगावच्या बाजारात पोहोचायला एक दिवस लागला. पुढची सगळी बुकिंगं रद्द झाली. पौषात बोर्ड उतरला. माघात गोलपोस्ट परत उभे राहिले. बिजागरी काढूया का विचारलं मामांनी. मी म्हटलं, राहू द्या, आता तीही आपलीच आहे.

साहेबांनी मला पाकीट आणून दिलं. स्वतः घरी येऊन, चहा घेऊन. म्हणाले, पूर्वीच्या अहवालात दुरुस्ती करतो. मी म्हटलं, करा. "आणि फायनलची शिट्टी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ती राहू द्या माझ्या नावावर.

ती पाकिटातली शिट्टी मी कोमलला दिली. ती आता मुलींची कोच आहे, पंचाची परीक्षाही पास झालीय. परवा सरावाच्या मॅचला मी पायऱ्यांवर, कुरडयांच्या शेजारी बसलो होतो. तिच्याच संघातल्या एका नव्या मुलीचा हात लागला, जेमतेम. कोमलने क्षणभरही न थांबता शिट्टी फुंकली. हाफ टाइमला वर येऊन शेजारी टेकली. मग म्हणाली, "सर, त्या दिवशी मी सांगनारच हुते. हात लागलाय म्हनून. पन आजी ओरडत हुती, पाय उचलंना माझा."

"माझाही हात थांबत नव्हता, पोरी," मी म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं.

ती मैदानाकडे बघत राहिली. "मग वाजवली कुनी?"

आता तुम्हीच सांगा. वारा म्हणाल, तर वाऱ्याला पंचेचाळीस मिनिटं मोजता येत नाहीत. कोणी खोडसाळ म्हणाल, तर तो इतकी वर्षं भर दुपारी, मोकळ्या मैदानात, शेकडो लोकांना दिसला नाही? फिजिक्सवाले अजून डोकं खाजवतायत. मामांचं उत्तर तुम्हाला माहीतच आहे. मी उत्तर शोधणं सोडलंय.

मला एवढंच ठाऊक आहे. जन्मात मी किती शिट्ट्या वाजवल्या त्याला गणती नाही. पण माझ्या सहीशिक्क्यानिशी विद्यापीठाच्या दप्तरात एकच शिट्टी लागलीय, आणि ती मी वाजवलेली नाही. खरं तर ती मीच वाजवायला हवी होती.